‘मानवी भांडवल’ म्हणजे मनुष्यबळ नव्हे

प्रश्न : ‘ह्यूमन कॅपिटल’साठी मनुष्यबळ, मानव संसाधन आणि मानवी भांडवल असे तिन्ही शब्द वाचायला मिळतात. बरोबर कोणता? आणि माणसाला भांडवल म्हणणे अपमानास्पद नाही का?

उत्तर : मनुष्यबळ आधी निकालात काढू, कारण अर्थशास्त्रावर लिहिणारेही तो शब्द सर्रास भांडवलाच्या जागी दडपून देतात. मनुष्यबळ डोकी मोजून ठरते. ‘मनुष्यबळ अपुरे आहे’ म्हणजे माणसे कमी आहेत; आहेत त्यांना काय येते आणि ती किती धडधाकट आहेत, याचा त्यात पत्ता नसतो. ‘ह्यूमन कॅपिटल’ म्हणजे तर नेमके तेच : माणसाजवळचे ज्ञान, कौशल्य आणि आरोग्य.

आता भांडवल. मूळ संस्कृत ‘भाण्ड’. भांडे हा अर्थ सगळ्यांना ठाऊक, तो सोडून देऊ. पण भाण्ड म्हणजे औजारही, वाद्यही, घोड्याचा साजही, आणि व्यापाऱ्याचा माल व त्याची पुंजीही. कन्नडमध्ये आजही भांडवलाला ‘बंडवाळ’ म्हणतात. (भांडणाचे मूळ ‘भण्डन’, ते वेगळे. दोन्हींची सांगड घालून भांडवलशाहीवर कोट्या कराव्यात खुशाल, पण ती व्युत्पत्ती म्हणून खपवू नये.)

खरी गंमत पालीत आहे. तिथे माल म्हणजे ‘भण्ड’, कोठार म्हणजे ‘भण्डागार’ आणि कोठाराचा रखवालदार ‘भण्डागारिक’. बुद्धाचा शिष्य आनंद याला पाली वाङ्मयात बिरुद आहे ‘धम्मभण्डागारिक’. ऐकलेला उपदेश त्याला मुखोद्गत होता. कोठार होते ते त्याच्या डोक्यात. म्हणजे शिकून कमावलेल्या गोष्टीला व्यापारी मालाच्या कुळातला शब्द लावणे फार जुने आहे, आणि तेही गौरवाने. अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे १९६० च्या अध्यक्षीय भाषणात माणसातल्या गुंतवणुकीची बाजू मांडली, तेव्हा ही कल्पनाच काहींना झोंबते हे त्यांना आधी मान्य करावे लागले. त्यांना आनंदाचे बिरुद कुणी सांगायला हवे होते! माझे तर मत असे की भांडवलात ‘औजार’ हा अर्थही मुरलेला आहे, नुसता ‘साठा’ नव्हे. भांडारात माल पडून राहतो, भांडवल कामाला लागते. म्हणून ‘ज्ञानभांडार’ वेगळे आणि ज्ञानाचे भांडवल वेगळे.

अपमानाचे म्हणाल तर व्याकरण पाहा. ‘मानवी शरीर’ म्हणजे मानवाचे शरीर. तसेच ‘मानवी भांडवल’ म्हणजे माणसाजवळचे भांडवल. माणूस इथे मालक आहे. उलट ‘मानव संसाधन’ फोडून पाहा : मानव हेच संसाधन! खाणीतल्या कोळशाच्या पंगतीत माणूस बसतो तो इथे. शिवाय संस्कृतात संसाधन म्हणजे पार पाडणे, सिद्धीस नेणे. आजचा अर्थ आपण हिंदीतून उचलला. तरी हाच शब्द सभ्य आणि भांडवल असभ्य असे सांगणाऱ्या परिभाषाकारांपुढे हात टेकले.

हे भांडवल उभे राहते कसे, यावरूनही शब्दाची योग्यता पटते. शुल्ट्झ यांनी पाच वाटा सांगितल्या : आरोग्य, कामावरचे प्रशिक्षण, औपचारिक शिक्षण, प्रौढांचे शिक्षण आणि रोजगारासाठीचे स्थलांतर. पाचवी वाट ऐकून लोक चमकतात. पण जिथे कौशल्याला गिऱ्हाईक नाही तिथे ते पडूनच राहते.

शाळेची वर्षे मोजून भागत नाही. जागतिक बँकेचा २०१८ पासूनचा मानवी भांडवल निर्देशांक शाळेची अपेक्षित वर्षे घेतो आणि त्यांना चाचणीतील गुण भागिले ६२५ (म्हणजे प्रगत पातळीचे गुण) या अपूर्णांकाने गुणतो. मूल १० वर्षे शाळेत गेले आणि गुण ४०० आले, तर हिशेबात वर्षे धरली जातात ६.४. उरलेली ३.६ वर्षे बाकावर बसण्यात गेली. त्याच निर्देशांकात पाच वर्षांखालील मुलांची खुंटलेली वाढही येते, म्हणजे वयाच्या मानाने फारच कमी उंची. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे हजार दिवसांत पोषण हुकले, तर पुढे शाळेत ओतलेल्या पैशाला तेवढे फळ येत नाही. म्हणून आरोग्य हा शिक्षणाशेजारचा वेगळा रकाना नाही. ते त्याच भांडवलाचे मुद्दल आहे.

प्रशिक्षणात मेख वेगळी. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी त्याचे दोन प्रकार केले. सर्वसाधारण कौशल्य कुठेही चालते, म्हणून मालक त्याचा खर्च उचलायला नाखूश. शिकवावे आपण आणि नेमावे दुसऱ्याने. मग उमेदवारीत कमी पगार घेऊन तो भार कामगारच सोसतो. एकाच कारखान्यात उपयोगी पडणाऱ्या विशिष्ट कौशल्याचा खर्च मात्र दोघे वाटून घेतात. त्यात हे भांडवल तारण ठेवता येत नाही. यंत्र बँकेकडे गहाण पडते, डोक्यातली विद्या पडत नाही. त्यामुळे गरीब कुटुंबाला शिक्षणासाठी कर्ज मिळणे अवघड, आणि सरकारी पैशाची गरज तिथूनच सुरू होते. झीज मात्र यंत्रासारखीच : आजाराने होते, न वापरल्याने होते, तंत्र बदलल्यानेही होते.

तेव्हा ‘दहा वर्षांत देशाचे मनुष्यबळ वाढले आणि मानवी भांडवल घटले’ हे वाक्य बिनचूक आहे. आणि कृपा करून ‘मानवीय भांडवल’ लिहू नका. ‘मानवी’ असताना त्या ‘य’ला काहीच काम नाही.