थरथरणारे टाके

लेकरा,

रविवारी स्टँडवर तुझ्या मोबाइलात जे पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. राग त्याचाच आलाय. पोरं आपापलं कोडिंग दाखवतात त्या शिकवणीच्या हॉलमध्ये तीन तास शेवटच्या बाकावर बसलीस, दोनदा चहा घेतलास, एका पोराने थ्री.जेएस या तयार थ्रीडी कोडने फिरवलेल्या पृथ्वीगोलाला टाळ्या वाजवल्यास. आणि उदगीरची एसटी लागल्यावर मला म्हणतेस, "सर, मीपण थोडं केलंय, पण अजून पूर्ण नाही."

दाखवलंस काय, तर आजीची वाकळ. जुन्या लुगड्यांचे तुकडे, कडेपासून आत आत जाणारा धावदोरा, सगळं कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरातल्या कोडने चित्र काढायच्या पाटीवर, एकही लायब्ररी (असं दुसऱ्याचं तयार कोड) न घेता. टाके थरथरत होते म्हणून स्क्रीनवर हात धरत होतीस.

ते का थरथरतात हे आधी सांगून टाकतो. तुटक रेघ काढणारं तयार सेटलाइनडॅश वापरलं नाहीस, बरं केलंस. त्याने सगळे टाके एका मापाचे येतात, आणि मापात टाके मशीन घालतं, आजी नाही. तू एकेक टाका वेगळा काढलास, मॅथ.रँडमने, म्हणजे दरवेळी कुठलाही आकडा काढून देणाऱ्या फंक्शनने, लांबी थोडी कमीजास्त केलीस. पण ते रँडम तू चित्र काढणाऱ्या फंक्शनच्या आतच ठेवलंस. रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम ते फंक्शन बहुतेक स्क्रीनवर सेकंदाला 60 वेळा बोलावतं. म्हणजे आजी सेकंदाला 60 वेळा वाकळ उसवतेय आणि पुन्हा शिवतेय! लांब्या एकदाच काढ, अ‍ॅरेत (यादीत) ठेव, पुढे नुसत्या वाच. पान रिफ्रेश केल्यावरही तीच वाकळ हवी असेल, तर मॅथ.रँडमला बीज, म्हणजे सुरुवातीचा ठरलेला आकडा, देता येत नाही. बीज घेणारं छोटं फंक्शन स्वतः लिहावं लागेल. चार-पाच ओळींचं काम आहे.

झालं. दोन मिनिटं लागली. हॉलमध्ये दाखवलं असतंस तर तिथंच कुणीतरी सांगितलं असतं. आणि दुसरं कुणी म्हणालं असतं, राहू दे थरथर, म्हातारीचा हात आहे तो. मला हे सुचलं रात्री अकराला, अंथरुणावर. तेव्हा तुझी एसटी कधीच गेली होती. म्हणून म्हणतो, दाखव.

"याचा नोकरीला काय उपयोग?" असंही विचारलंस. काही नाही. आजीची वाकळ निदान थंडीत अंगावर घेता येते, तुझी तीही नाही. रिअ‍ॅक्ट ही वेबपानं बांधायची लायब्ररी शीक, नोकरीला ती लागते, त्यावर माझा वाद नाही. पण दोन्ही एकाच तराजूत घालू नकोस, आणि उपयोग सापडेपर्यंत लपवून तर मुळीच ठेवू नकोस.

"पूर्ण नाही" म्हणतेस. ज्या भाषेत लिहितेस ती तरी पूर्ण होती का? 1995च्या मे महिन्यात ब्रेंडन आइकने नेटस्केप या ब्राउझरच्या कंपनीत तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. आधी नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, डिसेंबरात जावास्क्रिप्ट. नल म्हणजे 'काहीच नाही', पण त्याचा प्रकार (टाइपऑफ) विचारला की ती आजही 'ऑब्जेक्ट', म्हणजे वस्तू, सांगते. चूक तेव्हाची आहे. सुधारली तर जुनी पानं मोडतील म्हणून तशीच ठेवलीय. आणि 2001 साली केसी रीस आणि बेन फ्राय यांनी प्रोसेसिंग ही कोडने चित्रं काढायची भाषा काढली, तेव्हा तिच्यात लिहिलेल्या प्रोग्रॅमला त्यांनी स्केच म्हटलं. 2013 पासून लॉरेन मॅकार्थीने तोच विचार पी५.जेएसच्या रूपाने ब्राउझरात आणला, तिथेही शब्द तोच. स्केच म्हणजे कच्चं चित्र. कच्चंच दाखवायचं असतं, त्यासाठीच तर ते नाव.

मी एवढा का तणतणतोय? 2013 साली पुण्यात नोकरीला असताना मी ब्राउझरात हलगी केली होती. रेकॉर्ड केलेला आवाज नाही. ब्राउझरातल्या वेब ऑडिओचा ऑसिलेटर, म्हणजे कोडने सूर काढणारा भाग, झटकन खाली येणारा सूर, वर थोडा खरखराट. हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकतात ना, तशी शेकायची एक पट्टीही केली होती, सरकवली की कातडं ताणून सूर चढायचा. एका दुपारी मॅनेजर मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, हे क्लायंटला द्यायचंय का? मी लॅपटॉप मिटला. पुढची कितीतरी वर्षं मी हा किस्सा त्याच्या नावावर खपवला. खरं म्हणजे त्याने नुसतं विचारलं होतं. मिटला मी. हलगी अजून कडाडत नव्हती, कडाडली की दाखवू असं ठरवलं, आणि दीड वर्षाने हार्ड डिस्क गेली. कुणी ऐकलीच नव्हती, त्यामुळे हळहळायलाही कुणी नव्हतं.

2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. लोक गाव सोडून जात होते आणि मी पुणं सोडून इथं आलो. नातेवाईक म्हणतात झेपलं नाही म्हणून आला. म्हणोत. वडील एकटे होते, आणि फॉर्मच्या पानांवर लाल अक्षरांत 'हे भरणे आवश्यक आहे' लिहिण्यात माझी वर्षं चालली होती. पळून आलो नाही. हो, थोडासा आलोही असेन. पण इथं आलो म्हणूनच तो हॉल मिळाला, तुझ्यासारखी पोरं आली. असो, भरकटलो.

पुढच्या वेळी पहिली दहा मिनिटं तुझी. प्रोजेक्टरला एचडीएमआय लागते, तुझ्या लॅपटॉपला ती नसेल तर कळव, कनेक्टर मी आणतो. वीज गेली तर मोबाइल हातोहात फिरवू. थरथर काढायची की ठेवायची ते तिथंच ठरवू, आधी दुरुस्त करून आणू नकोस. आणि कडेपासून आत का शिवत जातात, ते आजीला विचारून ये. पोरं विचारणार.

माझी हलगी? नव्याने लिहितोय. अजून नीट कडाडत... बरं, आणतो. हसू नकोस, आणतो म्हटलंय ना.

तुझा,
सर