अठरानंतर वहीत नाव नाही

चि. डॉक्टरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी डाउन सिंड्रोम घेतेयस, बरं वाटलं. पण "जनुकांवर काहीतरी करते सर" म्हणालीस, तिथं मी गप्प झालो. ज्यामुळं हा सिंड्रोम होतो ती एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत 1959 सालीच जगापुढं आली. पुढचं काम करणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळा आहेत. अंबाजोगाईत बसून त्यांच्याशी शर्यत कशाला? त्यांना दिसत नाही ते तुझ्या ओपीडीच्या बाकावर येऊन बसतं.

एकदा केजकडची एक माय डाउन सिंड्रोम असलेल्या तिशीतल्या लेकाला घेऊन आली. "आधी हाक मारली की यायचं लेकरू, आता बघतबी नाही." दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. उत्तर एकच: "त्याला तोच आजार आहे, वयानुसार असंच होणार." मीही तेच लिहिणार होतो, खोटं कशाला बोलू? सहज कानात बघितलं. या लोकांची कानाची नळी मुळातच अरुंद. दोन्ही कान मळानं गच्च. आठवडाभर थेंब घालायला लावले, मग कान धुतले. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला आणि गडी खिडकीकडं वळला. माय रडायलाच लागली. नंतर थायरॉईड तपासला, तोही बिघडलेला निघाला.

तुझा विषय इथं आहे. "जन्मापासूनच तसा आहे" या एका वाक्याखाली किती बरे होणारे आजार दबून राहतात, ते शोध. कान, थायरॉईड, मोतीबिंदू, आणि झोप. झोपेचं तर कुणी विचारतच नाही. आई हसत सांगते, "मांडी घालून, पुढं वाकून झोपतंय." आपणही हसतो. श्वास अडकू नये म्हणून शरीरानं काढलेली ती वाट असते.

बाळांचं वेगळं. जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. एव्ही कॅनॉल, म्हणजे हृदयाच्या मधोमध पडद्याला मोठं छिद्र असेल तर ऑपरेशन साधारण पहिल्या सहा महिन्यांत व्हायला हवं. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक झाल्या की सर्जनचे हात बांधले जातात. आता त्यावर बीडचं कॅलेंडर ठेव. ऊसतोड मजुरांचा कोयता दसरा-दिवाळीला निघतो, गुढीपाडव्याच्या आसपास परततो. मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तेव्हा बाळ कारखान्याकडं उसाच्या फडात. जन्मापासून पहिल्या इकोपर्यंत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीपर्यंत, किती दिवस गेले आणि ते कुठं अडकले, एवढं मोजलंस तरी एक प्रबंध होतो.

पण मला विचारशील तर मोठ्यांकडं आधी बघ. तो कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतचा. त्यानंतर कुठल्याच वहीत यांचं नाव नाही. अमेरिकेत 1983 साली या लोकांचं सरासरी आयुष्य 25 वर्षं होतं, आता ते साठीच्या घरात गेलंय. आपल्याकडंही लेकरं जगायला लागलीत, म्हणजे म्हातारीही होणार. अल्झायमरशी जोडलेलं एपीपी जनुक नेमकं एकविसाव्या गुणसूत्रावरच. चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत त्या आजाराच्या खुणा सापडतात. आणि ज्या मोठ्या चाचण्यांवर अल्झायमरची नवी औषधं मंजूर झाली, त्यांत ही माणसंच घेतली नव्हती!

त्यात आपली पंचाईत निराळी. स्मृतिभ्रंशाच्या चाचणीत "शंभरातून सात वजा करा" म्हणतात. ज्यानं शाळाच पाहिली नाही, त्याला काय विचारणार? जो काल-परवापर्यंत शेळ्या मोजून आत घालायचा आणि आता दोन बाहेरच विसरतो, त्याचं माप त्याच्या कालच्या वागण्याशीच घ्यावं लागेल. म्हणून तिशीतच त्याची नोंद हवी. तसं मराठी साधन तयार करणं हे काम रटाळ आहे, नाव होणार नाही, गाइडही कदाचित नाक मुरडतील. कर.

गुरुवारी प्रश्नावलीचा मसुदा घेऊन ये. मागच्या खेपेला सगळे प्रश्न आईला होते. पहिलं पान त्या माणसासाठी ठेव: दुखतं कुठं, झोप लागते का, दिवसभर काय करायला आवडतं. उत्तराला वेळ लागेल. लागू दे.

तुझा,
सर