अस्थिमज्जा, मज्जारज्जू आणि नळीतला मगज

एका वाचकाचा प्रश्न आहे: "अस्थिमज्जा म्हणजे बोन मॅरो, मज्जारज्जू म्हणजे स्पायनल कॉर्ड आणि मज्जातंतू म्हणजे नर्व्ह. पहिली रक्त तयार करते, बाकीचे दोन मेंदूचे निरोप पोचवतात. मग तिन्हींत मज्जा कशी आली? आणि मटणाच्या नळीतून निघतो तो मगज यातला कोणता?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नळीतला मगज म्हणजे अस्थिमज्जाच. मज्जारज्जू आणि मज्जातंतू यांचा तिच्याशी शरीरात काही संबंध नाही, संबंध आहे तो फक्त शब्दाचा. हा शब्द दोन्हीकडे कसा गेला, ते जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे.

आयुर्वेदातले सात धातू अनेकांना तोंडपाठ असतात: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. यात मज्जा सहावी, अस्थीच्या लगेच नंतर, कारण ती हाडाच्या आत असते. मूळ संस्कृत शब्द मज्जन्, अर्थ हाडाच्या पोकळीतला मऊ, स्निग्ध गाभा. सुश्रुतसंहितेत याबद्दल एक बारीक निरीक्षण आहे. मोठ्या हाडांच्या आत विशेषकरून असते ती मज्जा, आणि बाकीच्या हाडांत असतो त्याला 'सरक्त मेद', म्हणजे रक्त मिसळलेली चरबी म्हणावं, असं तिथे म्हटलं आहे. आज डॉक्टर पिवळी मज्जा आणि तांबडी मज्जा असा भेद करतात. प्रौढ माणसाच्या मांडीच्या हाडाच्या मधल्या दांड्यात पिवळी, चरबीने भरलेली मज्जा असते. तांबडी मज्जा मुख्यतः छातीचं हाड, बरगड्या, मणके, कमरेचं रुंद हाड आणि कवटी यांत उरते. जन्मलेल्या बाळाच्या सगळ्याच हाडांत ती तांबडी असते. सुश्रुताने डोळ्यांनी पाहिलेला फरक आणि आजचा फरक किती जवळ आहेत पाहा. मला हे वाक्य फार आवडतं, कारण ते पोथीतल्या तर्कातून आलेलं नाही, हाड फोडून पाहणाऱ्याच्या नजरेतून आलेलं आहे. मात्र मज्जेत रक्त तयार होतं, हे त्यात नाही. ते 1868 साली जर्मनीत अर्न्स्ट नॉयमान आणि इटलीत ज्युलिओ बिझोझेरो यांनी दाखवून दिलं.

आता मज्जा मेंदूच्या बाजूला कशी गेली, ते पाहू. जुन्या काळी नावं कामावरून कमी आणि दिसण्यावरून जास्त पडली. मांडीचं हाड फोडलं तर आत मऊ, फिकट, स्निग्ध वस्तू. पाठीचा कणा उघडला तर मणक्यांच्या आतून गेलेली मऊ, फिकट दोरी. कवटी उघडली तरी तेच. बाहेर टणक हाड आणि आत मऊ गाभा. एकच रचना दिसली, म्हणून एकच नाव पडलं. असं करणारे आपण एकटे नाही. ग्रीकमधला 'म्येलोस' आणि लॅटिनमधला 'मेड्युला' या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ हाडातला मगज, आणि दोन्ही पुढे पाठीच्या दोरीलाही लागले. म्हणून आजही मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग, पण ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणजे मज्जारज्जूचा दाह. ऑस्टिओमायलायटिस पुन्हा हाडाचा आणि त्यातल्या मज्जेचा, तर पोलिओमायलायटिस, म्हणजे आपला पोलिओ, मज्जारज्जूचा. मराठीत जो घोटाळा वाटतो तो डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेतही जसाच्या तसा आहे. तेव्हा मज्जारज्जू शब्द घडवणाऱ्यांनी चूक केली, असं मी म्हणणार नाही.

तरी पुढच्या परिभाषाकारांना ही अडचण जाणवली असावी. हिंदीत मज्जारज्जूऐवजी मेरुरज्जु आणि मज्जातंतूऐवजी तंत्रिका असे शब्द घेतले. मराठी विश्वकोशानेही तंत्रिका तंत्र हा शब्द स्वीकारला. आपल्या शालेय पुस्तकांत चेतासंस्था, चेतापेशी, मेरुरज्जू हे शब्द आले. बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत मात्र मज्जासंस्था, मज्जातंतू इतके मुरले आहेत की ते जायचे नाहीत, आणि जावेत असंही मला वाटत नाही. 'मज्जातंतूंचा त्रास' म्हटलं की घरातल्या आजीलाही कळतं. चेतातंतू तिला समजावून सांगावा लागेल.

आता मगज. अनेकांना वाटतं की मज्जा हा 'शुद्ध' शब्द आणि मगज हा त्याचा बिघडलेला, बाजारी अवतार. तसं नाही. मगज फारसीतल्या 'मग्ज़'वरून आला. त्याच्या मागे अवेस्तातला, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या भाषेतला 'मज़्ग', आणि तो मज़्ग व संस्कृत मज्जन् सख्खे भाऊ. रशियन भाषेत मेंदूला 'मोज़्ग' म्हणतात, तो याच कुळातला. इंग्रजीतला मॅरोसुद्धा. म्हणजे मज्जा संस्कृतातून सरळ आली, आणि तिचाच भाऊ इराणातून फिरून मगज होऊन आपल्या घरी आला. अस्थिमज्जेला अगदी घरगुती मराठी शब्द आहे का, असं कोणी विचारलं तर मी बिनधास्त 'हाडातला मगज' म्हणेन. नुसतं 'मगज' म्हटलं तर डोकंही समजलं जातं, मगजमारी त्यातूनच आली, म्हणून 'हाडातला' हे जोडायला हवं.

मगजाचे बाकीचे अर्थही पाहा. भोपळ्याच्या किंवा कलिंगडाच्या बीचं साल काढलं की आत जो पांढरा दाणा निघतो तो मगज, आणि वाण्याकडे मिळते ती मगज बी. सगळीकडे कल्पना एकच: टणक कवच आणि त्याच्या आतला खरा ऐवज.

'काय मज्जा आली!' यातली मज्जा मात्र या कुळातली नाही. ती फारसीतली मज़ा, म्हणजे चव, गोडी. आनंदाच्या भरात आपण जकार दुप्पट केला एवढंच. संस्कृतातल्या 'मज्ज्', म्हणजे बुडणे, या धातूवरूनही मज्जा साधतात: हाडात बुडालेली ती मज्जा. ऐकायला छान आहे, पण अवेस्ता आणि रशियन भाषेतले भाऊबंद पाहिले की ती जुळवाजुळव वाटते.

फळांचा विषय निघालाच आहे तर हाडाकडेही त्याच वाटेने जाऊ. संस्कृत अस्थि प्राकृतात अट्ठि झाला. पालीत या अट्ठीचे दोन अर्थ आहेत: हाड आणि फळातली कठीण बी. कोकणात फणसाच्या गऱ्यातल्या बीला आपण आठळी म्हणतो. पावसाळ्यात चुलीत भाजून किंवा भाजीत घालून खातो, ती आठळी व्युत्पत्तिकार याच घराण्यात बसवतात. बंगालीत आंब्याच्या कोयीला 'आँठि' म्हणतात, ती तिची बहीण. म्हणजे अस्थी हा शब्द मराठीत स्वतःच्या पायांनी चालत आला तो फणसात जाऊन बसला, आणि शरीरातल्या अस्थीसाठी आपण दुसराच शब्द घेतला: प्राकृतातल्या हड्डवरून हाड. गुजरातीतलं हाडकुं, हिंदीतली हड्डी, बंगालीतलं हाड़ ही सगळी त्याच हड्डची पोरं.

यामुळे मराठीत हाड आणि अस्थी यांनी कामं वाटून घेतली आहेत. जिवंत शरीरात असतं ते हाड. हाड मोडतं, दुखावतं, सांधतं. 'माझी अस्थी मोडली' असं कोणी म्हणत नाही. दहनानंतर राखेतून वेचतात त्या अस्थी, बहुतेक वेळा अनेकवचनात, आणि त्यांच्याबद्दल बोलताना आवाजही खाली येतो. तिथे कोणी सहसा 'हाडं' म्हणत नाही. या दोन्हींबाहेर अस्थी दिसते ती जोडशब्दांत: अस्थिभंग, अस्थिरोगतज्ज्ञ, अस्थिपंजर. दवाखान्याच्या पाटीवर अस्थिरोगतज्ज्ञ लिहिलेलं असतं आणि पेशंट रिक्षावाल्याला सांगतो, 'हाडांच्या डॉक्टरकडे घ्या.' दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे. वाक्प्रचारांत तर सगळं राज्य हाडाचं: हाडाचा शिक्षक, हाडाची काडं करणं, हाडीमासी खिळलेली सवय, जिभेला हाड नसणं. हाडवैर म्हटल्यावर जे कळतं ते 'अस्थिवैर' म्हणून कळणार नाही.

प्राण्यांकडे वळलं की भाषा आणखी नेमकी होते. मटणाच्या दुकानात 'दोन नळ्या टाका' म्हटलं की खाटीक मांडीच्या आणि पायाच्या लांब पोकळ हाडांचे तुकडे टाकतो. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितले: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. यातलं नलक म्हणजे लांब, नळीसारखं हाड. खाटकाची नळी आणि शल्यतंत्रातलं नलक हे शब्द एकाच मुळाचे आहेत, आणि हाडंही तीच. रस्स्यातली नळी ताटाच्या कडेवर आपटली की पिवळसर, थरथरणारा गोळा बाहेर येतो. तो पिवळा असतो कारण मोठ्या बोकडाच्या लांब हाडात चरबीची मज्जा असते. कोवळ्या बोकडाच्या नळीतला मगज बराच लालसर निघतो, कारण तिथे रक्त तयार करण्याचं काम अजून चालू असतं. ब्रॉयलर कोंबडीच्या तंगडीच्या सांध्याजवळ शिजल्यावरही काळसर-लाल दिसतं, आणि कितीतरी घरांत ती कच्ची राहिली म्हणून परत चुलीवर जाते. ही कोंबडी जेमतेम दीड महिन्याची असते, हाड पुरतं भरलेलं नसतं, आणि आतल्या तांबड्या मज्जेचा रंग बाहेर झिरपतो. मांस नीट शिजलेलं असेल तर तो नुसता रंग आहे. त्याच कोंबडीच्या पंखातलं वरचं, दंडाचं हाड फोडून पाहिलं तर ते पोकळ निघतं. पक्ष्यांच्या अशा काही हाडांत हवा असते.

माशाच्या बाबतीत मराठी हाड हा शब्दच वापरत नाही. माशाला काटा असतो, मोठ्या सुरमईच्या मधल्या कण्यालासुद्धा आपण काटाच म्हणतो. आणि ते एका अर्थी योग्यच आहे, कारण काटेवाल्या माशांच्या हाडांत रक्त तयार करणारी मज्जा नसते. त्यांचं रक्त मुख्यतः मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात तयार होतं. मोरी किंवा मुशी, म्हणजे लहान शार्क, हिला तर खरं हाडही नाही. तिचा सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या पाळीच्या वरच्या भागात असते तसल्या लवचिक पदार्थाचा. सुश्रुत या कूर्चेला 'तरुण' अस्थी म्हणतो आणि नाक-कानातलं हाड त्यात घालतो. मालवणी घरांत लहान मुलांना मोरीचं मटण बिनघोर वाढतात, त्याचं कारण हेच.

हा प्रश्न नुसता हौशीचा नाही, म्हणून मी इतकं लिहितो आहे. रुग्णाला 'तुमची मज्जा तपासायची आहे' असं सांगितलं की घरचे घाबरतात. मज्जा म्हणजे मज्जारज्जू, पाठीच्या दोरीत सुई जाणार, पाय लुळे पडणार, अशी भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. अस्थिमज्जेचा नमुना बहुतेक वेळा कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून, जागा बधिर करून घेतात. मज्जारज्जू त्या हाडात नसतोच, तो मणक्यांच्या नळीत असतो आणि प्रौढ माणसात कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. मज्जा दान करायला निघालेल्या माणसालाही घरून याच भीतीने अडवलं जातं. प्रत्यक्षात दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते, आणि पुष्कळदा आता दात्याच्या रक्तातूनच मूळ पेशी, म्हणजे नव्या रक्तपेशी घडवणाऱ्या पेशी, वेगळ्या करून घेतात. निरोगी माणसाची मज्जा रोज सुमारे 200 अब्ज तांबड्या पेशी घडवते, थोडी काढून घेतल्याने ती रिकामी होत नाही. भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. म्हणजे हा शब्द मराठी रुग्णालयांत चाळीसहून अधिक वर्षं आहे, तरी तो अजून मज्जारज्जूशी गल्लत होत बोलला जातो.

म्हणून माझं सांगणं एवढंच: रक्ताच्या संदर्भात नुसतं 'मज्जा' म्हणू नये. लिहिताना पूर्ण अस्थिमज्जा लिहावं, आणि समोरच्याला समजावताना 'हाडातला मगज, नळीत असतो तसा' म्हणावं. मेंदूच्या बाजूला मज्जासंस्था, मज्जातंतू राहू द्यावेत. पण एकाच मजकुरात दोन्ही यायचे असतील तर मज्जारज्जूऐवजी मेरुरज्जू घ्यावा.

लेखनाबद्दल: 'अस्थी' सुटा असताना थी दीर्घ, जोडशब्दात आधी आला की ऱ्हस्व. म्हणून अस्थी विसर्जित केल्या, पण अस्थिकलश, अस्थिभंग, अस्थिमज्जा. 'अस्थीमज्जा' हे रूप बऱ्याच फलकांवर दिसतं, ते टाळावं. लिंग म्हणाल तर संस्कृतात अस्थि नपुंसकलिंगी आणि मज्जन् पुल्लिंगी, मराठीत मात्र दोन्ही स्त्रीलिंगी: ती अस्थी, ती मज्जा. मगज तो, आणि हाड ते.