भरतीरेषा आणि गटाची हद्द

प्रश्न : समुद्रालगतच्या आमच्या वाडीत घर बांधायचे आहे. महाभूनकाशा या जमिनीच्या नकाशांच्या सरकारी संकेतस्थळावरील गटाची हद्द सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नकाशावर ताडून पाहता येईल का?

उत्तर : केवळ अंदाजासाठी ताडून पाहावी. मंजूर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा, म्हणजेच सीआरझेडचा नकाशा, १:२५,००० प्रमाणाचा असल्यास त्यावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर होतात आणि २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास क्षेत्र (जेथे नवे बांधकाम सहसा करता येत नाही) भरतीरेषेपासून, म्हणजे मोठ्या भरतीचे पाणी पोहोचते त्या रेषेपासून, ५० मीटर, तर विरळ वस्तीच्या ठिकाणी २०० मीटर असल्याने, रेषेच्या जाडीनेसुद्धा घराचे भवितव्य बदलू शकते. म्हणून भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी करवून, अधिकृत संस्थेकडून गटाच्या नकाशावर भरतीरेषा आखून घ्यावी. किनाऱ्याची धूप आणि समुद्राची वाढती पातळी यांचा धोका कुठवर आहे हे दाखवणारी भारतीय सर्वेक्षण विभागाची धोकारेषा बांधकामास मनाई करीत नाही. तरीही ती अवश्य पाहावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.