गच्चीवरील ड्रॅगनफ्रूट केव्हा तोडावे?

पुण्यात गच्चीवर कुंडीत वाढवलेल्या ड्रॅगनफ्रूटचे फळ नेमके केव्हा तोडावे, असे आपण विचारले आहे. हे फळ तोडल्यानंतर आंब्यासारखे आढीत पिकत नाही, म्हणून घाई अजिबात करू नये. रात्री उमललेले फूल सकाळी मिटते आणि त्यानंतर साधारण ३० ते ३५ दिवसांत हिरवी साल गुलाबी होते. रंग पूर्ण चढल्यावरही मी तीन-चार दिवस थांबतो, कारण खरी गोडी तेव्हाच भरते. खवल्यांची टोके किंचित सुकू लागली की फळ देठाजवळ कात्रीने कापावे, ओढू नये, अन्यथा फांदी सोलवटते. आमच्या कोथरूडच्या गच्चीवर बुलबुल आधी चोच मारतात, त्यामुळे रंग बदलू लागताच फळावर जाळीची पिशवी अवश्य बांधावी.