तंबोल्याच्या पिशवीतला वीसचा फासा

मागच्या अंकात टेबलाभोवती बसून खेळायच्या फँटसी रोल-प्लेइंग गेमबद्दल लिहिलं होतं, म्हणजे एक जण गोष्ट चालवणार (त्याला डीएम म्हणायचं), बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरणार आणि जमेल की नाही असा प्रश्न आला की फासा टाकायचा. त्यावर इतकी पत्रं आली आणि त्यातली बहुतेक फिरून फिरून पैशावरच येतायत, म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई, मी सांगलीला हॉस्टेलवर राहतो, इंजिनिअरिंग सेकंड इयर. आम्ही पाच जण आहोत, व्हिडिओ बघून बघून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचंच असं ठरवलंय पण पुस्तकं, फाशांचे सेट, नकाशाची मॅट, मिनी (पात्रांचे छोटे पुतळे) सगळं धरलं तर मेसचे दोन-तीन महिन्यांचे पैसे जातात. प्रत्येकी शंभर काढू शकतो. एवढ्यात जमेल का?

जमेल, आणि ते शंभरही आत्ता काढू नका. आधी पाच-सहा वेळा खेळून बघा, मग कशावर खर्च करायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल.

पुस्तकांचं आधी सांगते. नियमांची ती तीन जाड पुस्तकं अमेरिकेतच एकेक ४९.९९ डॉलरला आहेत, त्यामुळे तुझं गणित बरोबर आहे, पण सुरुवातीला त्यांची गरजच नसते. नियमांचा गाभा खेळ छापणाऱ्या कंपनीनेच फुकट दिलाय, त्याला एसआरडी म्हणतात. जुन्या आवृत्तीचा एसआरडी जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कुणालाही वापरता येईल अशा खुल्या परवान्याखाली टाकला आणि नव्या आवृत्तीचाही २०२५ मध्ये आला. त्यात बाराही क्लास (म्हणजे पात्रांचे प्रकार, लढणारा फायटर, जादूगार वगैरे) आहेत, प्रत्येकाचा उपप्रकार एकेकच दिलाय, पण पहिल्या वर्षाला तेवढं भरपूर झालं. आणि अख्खा झेरॉक्स काढायला जाऊ नका, जुनाच चारशेच्या आसपास पानांचा आहे, आमच्याकडे पानाला दोन रुपये पडतात म्हणजे आठशे गेलेच. लढाईच्या नियमांची पानं काढा, तुम्ही जे चार क्लास निवडाल तेवढ्यांची काढा, बाकी फोनवर वाचा. कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राची माहिती लिहायचा कागद, तर वहीच्या पानावर हाताने आखली तरी चालते, उलट हाताने लिहिलं की कुठे काय आहे ते डोक्यात पक्कं बसतं, हे मी बऱ्याच नवीन मुलांमध्ये बघितलंय.

खरं सांगू का, तुम्ही पाचही जण नवीन आहात तर मी आधी केर्न नावाचा दुसराच खेळ घ्या म्हणेन. तोही फुकट मिळतो, अगदी थोड्या पानांचा आहे, एका संध्याकाळी वाचून होतो. ताकद, चपळाई आणि मनोबल असे तीनच गुण, सामानाला दहा जागा, आणि लढाईत वार लागला की नाही त्यासाठी वेगळा फासा टाकायचाच नाही, वार लागतोच, फक्त इजा किती झाली ते बघायचं. त्यामुळे सगळे लढायच्या आधी दहादा विचार करतात, बोलून सुटता येईल का, दोर टाकून मागून जाता येईल का, आणि खरी मजा तिथेच येते.

आता फासे. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे लागतात, आणि घाबरायला होतं ते वीसच्या फाशाने. कुणाच्या तरी घरी तंबोला असेलच ना? त्यातल्या १ ते २० आकड्यांच्या सोंगट्या काढायच्या, मोज्यात नाहीतर कापडी पिशवीत टाकायच्या, हलवायच्या आणि न बघता एक उचलायची, झाला वीसचा फासा. आठचा हवा तर १ ते ८ वेगळ्या पिशवीत. एकच गोष्ट काटेकोर पाळायची, उचललेली सोंगटी दरवेळी परत आत टाकायची. नाहीतर वीस एकदा येऊन गेला की परत येणारच नाही आणि सगळे मनात मोजत बसतील कुठले आकडे उरलेत. तंबोला नसेल तर पत्ते घ्या, राजा-राणी-गुलाम बाजूला काढा, लाल एक्का ते दहा म्हणजे १ ते १०, काळी पानं म्हणजे ११ ते २०. इथेही पान परत घालून पिसायचं. चारचा फासा म्हणजे लुडोचाच फासा, पाच-सहा आले की परत टाकायचा.

हा जुगाड वाटेल तुला, पण या खेळात तो पहिल्यापासून आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसनचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा पहिल्या फक्त हजार पेट्या होत्या, दहा डॉलरला एक, आणि त्या हाताने भरलेल्या. वीस बाजूंचे फासे दुकानात मिळतच नव्हते, शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्यांकडून मागवावे लागायचे. पुढे १९७९ च्या सुमाराला फाशांचा तुटवडा पडला तेव्हा तर खेळ छापणाऱ्या त्या वेळच्या कंपनीनेच पेटीत फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे दिले, कापा आणि कपात टाकून उचला म्हणून. म्हणजे तू मोज्यातून सोंगटी काढशील तेव्हा तू जुन्या लोकांसारखाच खेळत असशील.

फोनवर फुकट फासे टाकता येतात हे मला माहितीये, पण माझ्या टेबलावर मी ते ठेवत नाही. फासा टाकायला फोन हातात घेतला की नोटिफिकेशन दिसतं, मग माणूस दोन मिनिटं गायब, आणि गोष्टीचा धागा तुटला की परत जुळवायला डीएमला फार कष्ट पडतात.

प्रश्न : ग्रुपमध्ये कुणीतरी सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ टाकल्यात, त्याच प्रिंट करून बाइंडिंग केल्या तर स्वस्तात काम होतं. काय हरकत आहे? (नाशिक)

हरकत आहे. चोरीचा माल आहे तो, आणि कायदेशीर फुकटचं एवढं पडलेलं असताना त्याला हात लावायची गरजच काय? वर सांगितलेला एसआरडी आहे, केर्न आहे, जुन्या पद्धतीचं खेळायचं तर बेसिक फँटसी आहे, एकट्या-दुकट्याने खेळायचं तर आयर्नस्वॉर्न आहे, सगळ्यांच्या पीडीएफ त्यांच्या लेखकांनीच फुकट दिल्यात. शिवाय एसआरडीच्या लायसन्समध्ये श्रेय दिलं की तुम्ही त्याचं मराठी भाषांतर करून वाटूसुद्धा शकता. बाइंडिंगला पैसे घालायचेच असतील तर ग्रुपने बसून लढाईच्या नियमांची दहा पानं मराठीत करा आणि ती बाइंड करा, ती पुढच्या पोरांनाही उपयोगी पडतील.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची, बिल्डिंगमधल्या मुलांना घेऊन हा खेळ चालवते. आता तिला व्हिडिओत दिसतात तसे रंगवलेले छोटे पुतळे आणि राक्षस हवेत, एकेकाची किंमत काही शे रुपये आहे. नाही म्हणायला जीवावर येतं. (डोंबिवली)

नाही म्हणू नका, तिला घेऊन पोटमाळ्यावर चढा. दिवाळीच्या किल्ल्याचा खोका काढा.

माझ्या टेबलावर हेच आहे. भाला मोडलेला एक मातीचा मावळा आमच्याकडे वर्षभर फायटर होता, मोडक्या भाल्याच्या जागी मुलांनी उदबत्तीची काडी फेविकॉलने चिकटवली आणि पोस्टर कलरने ढाल निळी केली. डोक्यावर घागर घेतलेली गवळण झाली जादूगारीण, तिची जादू घागरीतून निघते असं तिच्या खेळाडूने स्वतःच ठरवलं, आणि हे कुठल्याच पुस्तकात नाही, तिच्या डोक्यातून आलं कारण समोर घागर होती! विकतची जादूगारीण आणली असती तर ती टोपी आणि काठीच घेऊन आली असती. वाघ, तोफ, बुरुजावरचा पहारेकरी सगळं चालतं. महाराजांची मूर्ती मात्र आम्ही खेळात आणत नाही, ती कागदात नीट गुंडाळून परत खोक्यात ठेवायची, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचं.

राक्षसांसाठी कॅरम आहे. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी, म्हणजे दोन टोळ्या गॉब्लिन आणि त्यांचा सरदार तयार. फक्त कॅरमची सोंगटी साधारण सव्वा इंचाची असते आणि या खेळात नकाशाचा चौकोन एक इंचाचा धरतात (एक चौकोन म्हणजे पाच फूट), त्यामुळे तुम्ही चौकोन दीड इंचाचे आखा, नाहीतर गर्दीत सगळं एकमेकांवर चढतं. मोठ्या कार्डशीटवर एकदाच पेन्सिल-पट्टीने चौकोन आखायचे आणि वर डायनिंग टेबलावर घालतात तो पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, मीटरवर मिळतो तो. त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने भिंती, दारं, नदी काढायची आणि ओल्या फडक्याने पुसायची. आधी कोपऱ्यात एक रेघ मारून पुसून बघा हं, काही प्लॅस्टिकवर डाग राहतो. आणि कुणी चुकून परमनंट मार्कर चालवला तर सॅनिटायझरने निघतो.

आणि तिला ही गोष्ट नक्की सांगा. या खेळातले तीन प्रसिद्ध राक्षस आहेत, आऊलबेअर, रस्ट मॉन्स्टर आणि ब्युलेट. हे तिन्ही हाँगकाँगला बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचलेत. गायगॅक्सने साध्या दुकानातून पिशवीभर 'प्रागैतिहासिक प्राणी' आणले, ते कुठल्याच खऱ्या प्राण्यासारखे दिसत नव्हते, म्हणून त्यांच्या ग्रुपने प्रत्येकाचा स्वभाव आणि ताकद स्वतःच ठरवली. तर यंदाच्या जत्रेत जो वेडावाकडा रबरी प्राणी मिळेल तो आणा आणि तिच्या हातात देऊन विचारा, हा काय खातो, कशाला घाबरतो, कुठे राहतो?

प्रश्न : मी जर्मनीत श्टुटगार्टला, तिघं मित्र कोल्हापुरात. ऑनलाइन खेळायला कुठलं सबस्क्रिप्शन घ्यावं? बजेट कमी आहे.

कुठलंच नको. बोलायला डिस्कॉर्ड, नकाशा लागलाच तर आऊलबेअर रोडिओ ही वेबसाइट, दोन्हींचं फुकटातलं भागतं. पण चारच जण आहात तर नकाशाशिवाय खेळा, तुम्ही वर्णन करा आणि त्यांनी डोळ्यासमोर आणावं, नेट मध्येच गेलं तरी काही अडत नाही. फासे प्रत्येकाने आपल्या घरी टाकायचे आणि आकडा खरा सांगायचा, मित्रांवर एवढाही विश्वास नसेल तर खेळायचं कशाला. तुम्हाला खरी अडचण वेळेची येईल. उन्हाळ्यात तुम्ही साडेतीन तास मागे असता आणि हिवाळ्यात साडेचार, म्हणजे तुमचे रविवारचे दुपारचे दोन म्हणजे कोल्हापुरात साडेपाच, आणि घड्याळ बदललं की साडेसहा. आधीच ठरवून ठेवा की वेळ कोल्हापूरची धरायची, नाहीतर ऑक्टोबरच्या शेवटी नक्की गोंधळ होतो.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो, दोन वर्षं दर पंधरवड्याला डीएम करतोय. पुस्तकं मी घेतली, फासे मी, नकाशे मी, खाणंही बऱ्याचदा मीच. मागायची लाज वाटते पण आता चणचण भासायला लागलीये. काय करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मागा, लाज कसली! डीएमने यजमान व्हायचं असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही, तुम्ही आधीच प्रत्येक खेळामागे कितीतरी तासांची तयारी देताय आणि ती कुणी मोजत नाही.

टेबलावर एक डबा ठेवा. प्रत्येकाने यायचं तेव्हा तीस रुपये टाकायचे. पाच खेळाडू, महिन्यात दोन खेळ म्हणजे तीनशे, तीन महिन्यांत नऊशे. त्यातून जे येईल ते टेबलाचं, कुणा एकाचं नाही, ग्रुप सोडला तरी कुणी पुस्तक घरी न्यायचं नाही, हे पहिल्या दिवशीच स्पष्ट बोला. त्या पैशातून पहिल्यांदा फासे घ्या, मग पाच जणांच्या हातात फिरेल असं एखादं पुस्तक. खाणं डब्यातून नकोच, आळीपाळीने घरून आणा, कुणी चिवडा, कुणी भेळेचं सामान.

पण डबा ठेवायच्या आधी प्रत्येकाशी एकेकट्याने बोला. हे का सांगतेय ते ऐका. आम्ही काही महिने एका कॅफेत खेळायचो, तिथे बसायचं तर माणशी दीडशेचं तरी काहीतरी मागवावं लागायचं. आमच्यातला एक मुलगा, नुकतंच कॉलेज संपलेला, नोकरीच्या शोधात, हळूहळू येईनासा झाला. परीक्षा आहे म्हणाला, मग गावाला जायचंय म्हणाला, आम्ही त्याचं पात्र आजारी पाडलं, एका सराईत झोपवून ठेवलं आणि पुढे गेलो. चार महिन्यांनी त्याच्या रूममेटकडून कळलं की त्याला ते दीडशे परवडत नव्हते. आमच्यातल्या एकालाही ते सुचलं नव्हतं, आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं. मग आम्ही एकीच्या सोसायटीच्या गच्चीवर खेळायला लागलो, त्याला फोन केला, पैशाचं काही बोललोच नाही, फक्त म्हटलं नकाशे काढणारं कुणी नाहीये, तू काढशील का. तो आला. गणिताच्या चौकटीच्या वहीत त्याने जे नकाशे काढलेत ते आम्ही अजून वापरतो, आणि डबा सुरू झाला तेव्हा त्याचे नकाशे हीच त्याची काँट्री धरली.

तेव्हा तुमच्यातही कुणी पैसे देऊ शकत नसेल तर त्याला नकाशे द्या, नाहीतर मागच्या खेळात काय झालं ते लिहून ठेवायचं काम द्या, आणि बाकीच्यांसमोर हिशोब काढू नका. आणि पहिले सहा महिने त्या डब्यात तुम्ही एक रुपयाही टाकायचा नाही, दोन वर्षांचे तुमचे आधीच जमा आहेत.