क्लॉपच्या टीमवर स्लॉटनं लीग जिंकली, मग त्यात स्लॉटचं काय?

तुम्ही विचारलंय की लिव्हरपूल क्लबच्या आधीच्या मॅनेजरनं, युर्गन क्लॉपनं, घडवलेल्या टीमवरच आर्ने स्लॉटनं २०२४-२५ची प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च फुटबॉल लीग, जिंकली, तर त्यात नव्या मॅनेजरचं असं काय, आणि आम्हा लिव्हरपूलवाल्यांना हा हंगाम मनापासून आपला वाटला का.

मनापासून वाटला. आणि स्लॉटचं त्यात पुष्कळ आहे. उत्तर लांबणार आहे, कारण या हंगामाबद्दल बोलायला आमच्या वरुड तालुक्यातल्या गावात मला फारसं कोणी मिळत नाही. इथे सगळी मंडळी क्रिकेटची. फुटबॉलचं वेड मला अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या होस्टेलवर लागलं. २०१९ मध्ये बार्सिलोनाला ४-० हरवलं त्या रात्री अख्खी विंग एका लॅपटॉपसमोर बसली होती. शिक्षण संपलं, गावी संत्र्याची बाग सांभाळायला आलो, पण क्लब काही सुटला नाही.

टीम क्लॉपची होती हे शंभर टक्के खरं. २०२४च्या उन्हाळ्यात विकत घेऊन खेळवलेला नवा खेळाडू एकच, किएझा, आणि तोही लीगमध्ये जेमतेम दिसला. पण याच टीमनं आदल्या वर्षी ८२ गुण घेऊन तिसरा नंबर गाठला होता. एप्रिलमध्ये ऐन मोक्यावर आधी घरच्या मैदानावर क्रिस्टल पॅलेसकडून आणि मग एव्हर्टनकडून हरून ती शर्यतीतून बाहेर पडली होती. पुढच्या वर्षी त्याच पोरांनी चार सामने शिल्लक ठेवून लीग खिशात टाकली. शेवटी ८४ गुण, दुसऱ्या नंबरच्या आर्सेनलपेक्षा १० जास्त. सप्टेंबर ते एप्रिल लीगमध्ये सलग २६ सामने कोणी हरवू शकलं नाही. मधल्या काळात बदलला तो मॅनेजरच.

नवा कोच काय करू शकतो हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित आपल्याकडे आले आणि त्याच हंगामात फैज फजलच्या टीमनं इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाचा पहिला रणजी करंडक आणला. गुरबानीची त्या फायनलमधली हॅट्ट्रिक अजून लोकांच्या तोंडी आहे. पंडितांची ख्याती कडक शिस्तीची. आल्या आल्या सगळं आपल्या हाती घ्यायचं आणि टीम नव्यानं बांधायची. त्या वेळच्या विदर्भाला त्याचीच गरज होती. स्लॉटच्या वाट्याला आलेली टीम तशी नव्हती. बहारावर आलेली बाग ठोक्यानं घेणारा माणूस पहिल्याच वर्षी कुऱ्हाड घेऊन फिरत नाही, आधी कुठल्या झाडाला किती पाणी लागतं ते बघतो. स्लॉटनं तेच केलं. फेयेनूर्डला डच लीग जिंकून दिलेला माणूस, स्वतःचं काही दाखवून द्यायची खुमखुमी त्यालाही असणार. ती त्यानं आवरली, हीच मला त्याची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

पण त्यानं काहीच केलं नाही असंही कोणी समजू नये. त्याचा लीगमधला पहिलाच सामना घ्या, इप्सविचच्या मैदानावर. हाफ टाइमला ०-०. क्वान्सा चेंडूवरच्या झटापटीत कमी पडत होता, म्हणून स्लॉटनं त्याला तिथेच बाहेर काढून कोनाटेला आणलं. पहिल्या सामन्यात, ४५ मिनिटांत! दुसऱ्या अर्ध्यात जोटा आणि सालाहनं गोल केले, सामना २-० जिंकला. माणूस शांत दिसतो, आवाज चढवत नाही, पण डोळा किती बारीक आहे ते त्या दिवशी कळलं.

दुसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ग्रावेनबर्ख. क्लबला बचावफळीपुढे खेळणारा माणूस हवा होता आणि त्यासाठी रियाल सोसिएदादच्या झुबिमेंडीच्या मागे लागले होते. त्यानं नकार दिला. सगळीकडे ओरड सुरू झाली की आता हंगाम गेला. स्लॉटनं मात्र घरातच शोधलं आणि आदल्या वर्षी बराच काळ बाकावर बसलेल्या या पोराला त्या जागी उभं केलं. आता तुम्ही फक्त त्याचं वळणं बघा. प्रतिस्पर्धी पाठीवर चढून आलेला असतो, चेंडू बचावपटूकडून येत असतो, आणि हा चेंडू थांबवतच नाही. येणाऱ्या चेंडूसोबतच अंग फिरवतो, मागचा माणूस तसाच मागे राहतो आणि याच्यासमोर अर्धं मैदान मोकळं. हंगाम संपता संपता प्रीमियर लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू तोच ठरला. क्लॉपच्याच टीममधला खेळाडू आहे, मान्य. पण या जागी त्याला क्लॉपनं खेळवलं नव्हतं.

तिसरी गोष्ट चटकन दिसत नाही, म्हणून एक सामना सांगतो. २३ फेब्रुवारी २०२५, मँचेस्टर सिटीच्या घरी. त्याच दिवशी दुबईत भारत-पाकिस्तान होता, कोहलीनं शतक मारलं. गावात दुपारपासून घरोघरी तेच सुरू. तो सामना आटोपला, चौकात फटाके फुटले आणि रात्री दहाला आमचा सुरू झाला. शेजारची पोट्टी मोबाइलभोवती तशीच बसून राहिली. "दादा, यातला आपला कोणता?" लाल टीम आपली, एवढं सांगितलं. चौदाव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. मॅक अॅलिस्टरनं चेंडू उंच न मारता जमिनीलगत सोडला, जवळच्या खांबाकडे धावलेल्या सोबोस्लाईनं नुसता हलका स्पर्श करून तो मागे सरकवला आणि तिथे सालाह एकटा. गोल. पोट्ट्यांनी तीन-तीनदा रिप्ले बघायला लावला, कारण पहिल्यांदा नेमकं काय झालं ते कोणालाच कळलं नव्हतं. पुढे सोबोस्लाईनं दुसरा मारला. त्यानंतर चेंडू बहुतांश वेळ सिटीकडेच होता, आणि तरी मला भीती वाटली नाही. क्लॉपच्या काळात दोन गोलांची आघाडी असतानाही छातीत धडधडायचं, कारण टीम तिसऱ्या गोलामागे धावत सुटायची. ती मजा वेगळीच होती, मी तिला कधीच नावं ठेवणार नाही. पण स्लॉटची टीम सामना हातात धरून ठेवायला शिकली. पळायचं कधी आणि थांबायचं कधी, हे याच वर्षी आलं.

सालाहबद्दल काय लिहावं! २९ गोल, १८ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास. ३८ सामन्यांच्या हंगामात गोल आणि असिस्ट मिळून ४७ आजवर कोणाचे झाले नव्हते. बचावाला मागे धावण्याचं त्याचं काम स्लॉटनं कमी केलं, तो भार उजव्या बाजूला इतरांनी वाटून घेतला, आणि त्याचे पाय गोलसाठी ताजे राहिले. त्यात त्याचा आणि कर्णधार व्हॅन डाइकचा करार संपत आलेला. वर्षभर टांगती तलवार होती. एप्रिलमध्ये दोघांनी सह्या केल्या तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता दुखरी बाजू. मार्च.

त्याआधी फेब्रुवारीतच एफए कपमध्ये प्लिमथकडून, दुसऱ्या श्रेणीतल्या तळाच्या टीमकडून, १-० हरलो होतो. खेळाडू फारच बदलले होते, त्यामुळे ते पचवलं. पॅरिसचं पचलं नाही.

चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धेच्या, साखळीत आठपैकी सात सामने जिंकून आपण पहिले आलो होतो, आणि बाद फेरीत समोर आली ती पंधराव्या नंबरची पॅरिस सेंट-जर्मेन. पहिला सामना आपल्या वेळेनुसार रात्री दीडला. मार्चमध्ये आंबिया बहाराची फळं नुकती धरलेली असतात, पाण्यात खंड पडला तर गळतात. आमच्या भागात त्या आठवड्यात थ्री फेज लाईन रात्रीची होती. त्यामुळे तो सामना मी वावरातच बघितला. मोटार सुरू केली, ठिबकचा एक कॉक उघडला की काही वेळ मोकळा, मग उठून पुढचा. त्या रात्री पॅरिसनं आपल्याला अक्षरशः घेरलं होतं. त्यांचे २७ फटके, आपले फक्त दोन. आपल्या गोलकीपरनं, अॅलिसननं, नऊ वेळा वाचवलं, आणि त्यातले काही तर अजून डोळ्यांसमोर आहेत, पूर्ण आडवा होऊन बोटांच्या टोकांनी बाहेर ढकललेले. ८६व्या मिनिटाला स्लॉटनं सालाहला काढून हार्वी इलियटला पाठवलं. पुढच्याच मिनिटाला नुनिएझनं चेंडू दिला, इलियटनं आल्या आल्या मारला आणि गोल! मी असा ओरडलो की पलीकडच्या वावरात जागलीवर असलेल्या काकांनी बॅटरी मारून विचारलं, "काय झालं बे, डुकरं घुसले काय?" मी म्हटलं, "नाही काका, गोल झाला." त्यांनी तिकडूनच हाक दिली, "मंग बरं हाये."

आठवडाभरानं आपल्या घरच्या अॅनफिल्डवर पॅरिसच्या देम्बेलेनं लवकर गोल केला, १-०, दोन्ही सामने मिळून बरोबरी, म्हणून पेनल्टीवर गेलं, नुनिएझ आणि जोन्सच्या पेनल्टी त्यांच्या गोलकीपरनं, दोन्नारुम्मानं, अडवल्या. संपलं. लगेचच्या रविवारी लीग कपच्या फायनलमध्ये न्यूकॅसलनं २-१ हरवलं. एका आठवड्यात दोन करंडक गेले.

इथे स्लॉटवर माझा एक आक्षेप आहे आणि तो मी सोडणार नाही. हिवाळाभर त्यानं जवळपास तीच ती माणसं खेळवली. लीग कपच्या फायनलला, वेम्बलीवर, ती दमलेली होती, हे टीव्हीवरही दिसत होतं. एन्डो, किएझा, इलियट यांना जानेवारीत लीगमधले आणखी काही सामने द्यायला हवे होते. किएझानं त्या फायनलमध्ये बाकावरून येऊन गोल केलाच ना! पुढे त्याच पॅरिसनं म्युनिकच्या फायनलमध्ये इंटरला ५-० चिरडलं, म्हणजे हरलो ते युरोपातल्या सगळ्यात भारी टीमकडून. त्यानं राग निवळतो, आक्षेप राहतोच.

आणि मग २७ एप्रिल. लीग जिंकायला टॉटनहॅमविरुद्ध एक गुण पुरेसा होता. रविवार, रात्री नऊ, दिवसभराच्या उन्हानं भिंती अजून तापलेल्या. सोलंकीनं, आपल्याच जुन्या खेळाडूनं, सुरुवातीलाच गोल केला. पण दियाझ, मॅक अॅलिस्टर, गाक्पो, हाफ टाइमलाच ३-१. शेवटी ५-१. विसावी लीग, मँचेस्टर युनायटेडच्या बरोबरीला. तुम्ही बाहेरून बघत असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग जिंकलो तेव्हा कोरोना होता, करंडक रिकाम्या स्टेडियममध्ये उचलला गेला. लिव्हरपूलच्या लोकांनी आपल्या डोळ्यांसमोर लीग जिंकलेली बघायला १९९० नंतर हाच दिवस उजाडला. स्टँडमधली म्हातारी माणसं रडत होती. माझे बाबा कधी फुटबॉल बघत नाहीत, ते त्या रात्री खाट ओढून बाजूला बसले आणि म्हणाले, "एवढे लोक रडू काऊन राह्यले?" मी सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत बसले.

सामना संपल्यावर स्लॉटनं माइक हातात घेतला आणि स्वतःचं काही न बोलता गर्दीकडून क्लॉपच्या नावाचं गाणं म्हणवून घेतलं. वर्षभरापूर्वी, १९ मे २०२४ ला, आपल्या निरोपाच्या सामन्यानंतर क्लॉपनं त्याच मैदानावर स्लॉटच्या नावाचं गाणं म्हटलं होतं. तुमच्या प्रश्नातला 'यश कोणाचं' हा वाद त्या दोघांनीच मिटवून टाकलाय. आपण चाहत्यांनी तो परत उकरून काढायचं कारण नाही.

लीग हातात आल्यावरचे सामने मी फार मनावर घेतले नाहीत. चेल्सीकडून हरलो, ब्रायटनकडून हरलो, चालायचंच. ट्रेंटचं मात्र लागलं. लहानपणापासून क्लबमध्ये वाढलेला पोरगा रियाल माद्रिदला निघाला आणि आर्सेनलच्या सामन्यात आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. जाण्याचं दुःख मलाही झालं. पण २०१९ मध्ये बार्सिलोनाविरुद्ध तो झटपट कॉर्नर घेणारा हाच होता. त्याची हुर्यो उडवणं मला पटलं नाही आणि पटणार नाही. २६ मेच्या विजयी मिरवणुकीत गर्दीत गाडी घुसली, लहान मुलांसकट कितीतरी माणसं जखमी झाली. त्या दिवशी मग सगळा आनंद बाजूला राहिला.

तुम्ही सुरुवातीपासून हंगाम बघितला नसेल आणि स्लॉटचं काम समजून घ्यायचं असेल तर हायलाइट्सवर जाऊ नका, त्यात फक्त गोल दिसतात. पूर्ण सामने बघा आणि त्यात ग्रावेनबर्खवर नजर ठेवा. पहिला सिटीच्या घरचा. दुसरा नोव्हेंबरमधला रियाल माद्रिदविरुद्धचा, २-० जिंकला तो, आपल्या दुसऱ्या गोलकीपरनं, केलेहरनं, एम्बापेची पेनल्टी अडवलेला. आणि तिसरा १८ जानेवारीचा ब्रेंटफर्डचा. त्यात ९० मिनिटं गोल होत नाही, कंटाळून बंद करू नका. भरपाईच्या वेळेत नुनिएझ दोन मारतो.